मार्च एंडिंग झाल्यावर साकुरा मिळेल का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई ५४ वर्षांच्या आहेत, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी बँकेत अधिकारी. जपानमध्ये जाऊन साकुरा, म्हणजे चेरीचा बहर पाहायचा, ही त्यांची फार जुनी इच्छा. त्यासाठी वेगळी आरडी लावून पैसे साठवले आहेत. पती, धाकटी बहीण आणि ७५ वर्षांची आई असे चौघं जाणार आहेत. एका टूर कंपनीने २५ मार्चला निघणारी, 'बहर हमखास' अशी जाहिरात केलेली सहल सुचवली आहे, पण बँकेत मार्च एंडिंगला रजा मिळत नाही. खोटी सिक लीव्ह टाकावी का, असं मनात येऊन गेलं. नणंद २०२४ मध्ये मार्चच्या शेवटच्या आठवड्यात टोकियोला गेली होती. तिला पाऊस आणि उघड्या फांद्या एवढंच दिसलं आणि 'तिथं काही नसतं गं' असं ती सगळ्यांना सांगते. पती म्हणतात, आठवडाभराच्या फुलांसाठी एवढा खर्च म्हणजे जुगार, त्यापेक्षा ऑक्टोबरात जाऊ. ताई विचारतात, 'नेमकी कोणती तारीख धरू? सगळे माझ्या हट्टापायी येताहेत. फुलं दिसली नाहीत तर मी त्यांना काय तोंड दाखवू?'

ताई,

सिक लीव्ह टाकू नका. तो विचार नुसता मनात आला तरी तुम्हाला चैन पडलेलं नाही, तेव्हा तो बोजा घेऊन तुम्ही फुलं काय बघणार? आणि मुळात त्याची गरजही नाही. क्लोजिंग उरका, ४-५ एप्रिलला निघा आणि १६-१७ पर्यंत परत या. तुमच्या हातात असलेल्या या पंधरवड्याबद्दल तुम्ही हळहळताय, पण माझ्या मते २५ मार्चच्या सहलीपेक्षा तो उजवा आहे. का ते सांगते.

तुम्ही तारीख विचारलीत. त्यामागे असं गृहीत धरलंय की एक अचूक तारीख असते आणि ती जाणकारांना ठाऊक असते. तशी ती कुणालाच ठाऊक नसते. टोकियोत बहराची सुरुवात सरासरीने २४ मार्चला होते आणि ३१ मार्चच्या सुमारास झाडं पूर्ण फुलतात, हे खरं. पण २०२३ मध्ये सुरुवात झाली १४ मार्चला आणि २२ मार्चला झाडं भरली होती. पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, सुरुवातच २९ मार्चला झाली. गाव तेच, झाडं तीच, आणि लागोपाठच्या दोन वर्षांत पंधरा दिवसांचा फरक. तुमच्या नणंदबाई नेमक्या त्या उशिराच्या वर्षी गेल्या. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, फांद्या खरोखरच उघड्या होत्या. एक वर्ष आधी तोच आठवडा धरून जाणाऱ्यांना टोकियोत पाकळ्या गळताना दिसल्या असत्या.

या सुरुवातीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुष्कळ लोक इथंच फसतात. टोकियोत यासुकुनी मंदिराच्या आवारात एक नमुन्याचं झाड आहे. मार्च उजाडला की हवामान खात्याचा माणूस तिथं जाऊन फांद्या निरखतो, भोवती कॅमेरेवाल्यांचा घोळका असतो. पाच-सहा फुलं उमललेली दिसली की तो 'कायका' जाहीर करतो, म्हणजे बहर सुरू झाला. अख्ख्या झाडावर पाच-सहा फुलं! संध्याकाळी बातम्यांत तीच फुलं जवळून दाखवतात आणि इकडे आपल्याला वाटतं, टोकियो गुलाबी झालं. प्रत्यक्षात त्या दिवशी झाडाखाली उभं राहिलं तर फुलं शोधावी लागतात. 'मानकाई', म्हणजे साधारण ऐंशी टक्के कळ्या उमलणं, त्यानंतर आठवडाभराने येतं. क्योतोमध्ये तर सरासरी सुरुवात २६ मार्चची आणि भर ४ एप्रिलचा. म्हणजे तुम्ही विमानात बसाल तेव्हा सरासरीच्या वर्षी क्योतो ऐन भरात असतं! मार्च एंडिंगने तुमचं काहीही हिरावून घेतलेलं नाही.

वर्षावर्षात एवढा फरक का पडतो? चेरीची कळी आदल्या उन्हाळ्यातच धरते आणि मग झोपी जाते. ती झोप मोडायला हिवाळ्याची चांगली कडक थंडी लागते आणि त्यानंतर फुगायला ऊब. थंडी नीट पडली आणि मार्च उबदार गेला की फुलं लवकर, मार्च गारठला की उशिरा. हिवाळा फारच सौम्य गेला तर कळीची झोपच नीट मोडत नाही आणि तरीही उशीर होतो. जपानमध्ये एक ढोबळ हिशेब सांगतात: १ फेब्रुवारीपासून रोजच्या कमाल तापमानाची बेरीज करत जायची, ती ६०० अंशांच्या आसपास पोचली की टोकियोत फुलं आलीच समजा. तुम्ही आकड्यांत वावरणाऱ्या आहात, रोज रात्री एक आकडा वहीत मांडून बघा. त्या बेरजेत वाट पाहण्याचाही आनंद आहे.

शहरांतली बहुतेक झाडं सोमेई योशिनो या एकाच जातीची, आणि तीसुद्धा एकमेकांपासून कलम करून वाढवलेली. मूळ एकच असल्यामुळे एका गावातली सगळी झाडं एकदम फुलतात आणि एकदमच झडतात. बहराचा तो थाट त्यामुळेच, आणि हुकला की सगळाच हुकतो तेही त्यामुळेच.

आता 'बहर हमखास'बद्दल. ही खात्री कुणीही देऊ शकत नाही. जपानचं हवामान खातं पूर्वी स्वतः बहराचा अंदाज द्यायचं. २००७ मध्ये संगणकातल्या चुकीने तो अंदाज बिघडला आणि खात्याला जाहीर माफी मागावी लागली. २०१० पासून खात्याने अंदाज देणं थांबवलं, ते आता फक्त नोंद करतं. अंदाज खासगी हवामान कंपन्या देतात आणि हिवाळ्यापासून पुन्हा पुन्हा सुधारत राहतात. जानेवारीतला अंदाज बेत आखण्यापुरता धरा. मार्चच्या मध्याला जो येतो तो बराच भरवशाचा असतो, कारण तोवर थंडी पडून गेलेली असते आणि कळ्या फुगलेल्या डोळ्यांना दिसतात. एवढं कळलं की पुढचा प्रश्न आपोआप बदलतो. मार्चच्या मध्याला जे कळणार आहे त्याचा उपयोग करता येईल असा बेत आपण आधीच आखून ठेवू शकतो का?

आपल्याकडे कासला जाणारा सातारकर तारीख विचारत बसत नाही. यंदा पाऊस कसा झाला, ऊन कधी पडतंय, ते विचारतो आणि त्यावर निघतो. जपानमध्ये याच्या जोडीला आणखी एक सोय आहे: देश दक्षिणोत्तर लांबच लांब पसरलेला. ओकिनावात जानेवारीत दुसऱ्या जातीची गडद गुलाबी चेरी फुलते, सेंदाईत बहराचा भर सरासरीने १३ एप्रिलला येतो, आओमोरीत २६ एप्रिलला, आणि साप्पोरोत तर सुरुवातच १ मेला होते. बहर तीन-चार महिने उत्तरेकडे चालत असतो. आपण त्याला गाठायला रेल्वेने जायचं.

म्हणून तुमच्यासाठी मी असा विचार केलाय. विमान ओसाकाला उतरणारं आणि टोकियोहून परत येणारं घ्या. पहिले पाच-सहा दिवस क्योतो-ओसाकाकडे राहा.

वर्ष सरासरीचं किंवा उशिराचं असेल तर क्योतोत सोमेई योशिनो मिळेलच. दार्शनिकांच्या वाटेवर, त्या कालव्याकाठच्या पायवाटेवर, सकाळी सातच्या आत पोचा. दहा वाजले की तिथं पाऊल ठेवायला जागा नसते. आणि एक पूर्ण दिवस योशिनोच्या डोंगराला द्या. ओसाकाहून किंतेत्सु कंपनीच्या गाडीने सव्वा-दीड तास लागतो. तिथं सुमारे तीस हजार झाडं आहेत, बहुतेक रानटी चेरीची, आणि डोंगराचे खालचा, मधला, वरचा आणि आतला असे चार टप्पे आहेत. खालची झाडं आधी फुलतात, वरची नंतर. खाली पाकळ्या झडत असतील तर वर फुलं असतात, वर कळ्या असतील तर खाली फुलं असतात. तारीख चुकण्याची भीती वाटणाऱ्याने योशिनोलाच जावं, असं माझं अगदी प्रामाणिक मत आहे. तिथल्या रानचेरीला फुलांबरोबरच तांबूस कोवळी पालवी फुटते, त्यामुळे अख्खा डोंगर पांढरा, गुलाबी आणि तपकिरी अशा रंगांनी भरतो. शहरातल्या एकरंगी बहरापेक्षा मला तो जास्त आवडतो.

वर्ष लवकरचं निघालं तर? २०२१ मध्ये क्योतोत २६ मार्चलाच भर आला होता. क्योतोच्या बहराच्या नोंदी जुन्या रोजनिशांतून जुळवत थेट नवव्या शतकापर्यंत मागे नेल्या आहेत, त्यांत तोवरची सगळ्यात आधीची तारीख १४०९ मधली २७ मार्च होती. असं वर्ष आलं की क्योतोचा मुक्काम दोन-तीन दिवसांनी कमी करायचा आणि राहिलेले दिवस उत्तरेला द्यायचे. टोकियोहून सेंदाई शिंकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, दीड तास, शिन-आओमोरी तीन-सव्वातीन तास. सेंदाईजवळ ओगावाराला शिरोईशी नदीच्या काठाने झाडांची लांबलचक रांग आहे आणि मागे बर्फाचे डोंगर. शिन-आओमोरीहून पुढे हिरोसाकी. तिथल्या किल्ल्याच्या बागेत सुमारे २६०० झाडं आहेत. आओमोरी हा सफरचंदांचा मुलूख, आणि तिथले माळी सफरचंदाची छाटणी करतात तशीच चेरीचीही करतात. जपानमध्ये चेरी सहसा छाटत नाहीत, पण इथं त्या छाटणीमुळे फांद्यांवर फुलांचे झुबके इतके दाट येतात की मागचं आभाळ दिसत नाही. एरवी हिरोसाकी एप्रिलअखेरचं ठिकाण, पण लवकरच्या वर्षी एप्रिलच्या मध्यालाही ते भरतं.

आणि लवकर असो वा उशीर, उशिरा फुलणाऱ्या जाती यादीत ठेवाच. क्योतोच्या निन्ना-जी मंदिरातली ओमुरो चेरी सरासरीच्या वर्षी १० एप्रिलच्या आसपास फुलते. ओसाकाच्या टांकसाळीच्या आवारात दाट पाकळ्यांची चेरी आहे. ती वाट १८८३ पासून दर एप्रिलच्या मध्याला आठवडाभर लोकांना खुली होते, अलीकडे त्यासाठी आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. टोकियोत शिंजुकु ग्योएन बागेत कितीतरी जाती आहेत, त्यामुळे एक संपली की दुसरी सुरू असते. परतीच्या आदल्या दिवशी तिथं जा.

बुकिंगचं म्हणाल तर हॉटेलं फुकट रद्द करता येतील अशीच घ्या आणि रद्द करायची शेवटची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा. क्योतोची खोली नोव्हेंबर-डिसेंबरातच धरा, नंतर भाव चढतात. सेंदाईची किंवा हिरोसाकीची एक खोली राखीव म्हणून धरायला हरकत नाही, पण मार्चच्या मध्याला निर्णय झाला की जी नको ती त्याच दिवशी सोडा. कुणीतरी आपल्यासारखंच तिची वाट पाहत असतं. शिंकानसेनचं आरक्षण प्रवासाच्या एक महिना आधी सुरू होतं, त्यामुळे ते अंदाज बघून करता येतं. सात दिवसांचा जपान रेल पास २०२३ मध्ये ५०,००० येनांवर गेला. नुसतं क्योतो-टोकियो करणार असाल तर तो परवडत नाही, थेट आओमोरीपर्यंत जाऊन परत यायचं असेल तर तिकिटांची बेरीज त्याच्या जवळपास जाते. तेव्हा दिशा ठरल्यावर हिशेब करा, आधी नको. एकाच प्रवेशाचा (सिंगल एंट्री) व्हिसा मिळाल्यापासून तीन महिनेच चालतो, म्हणून अर्जाची फार आधी घाई नको. फेब्रुवारी बरा.

पावसाची धास्ती मात्र कमी करा. नुकती उमललेली फुलं साध्या पावसाने पडत नाहीत, चांगली घट्ट असतात. भर येऊन चार-पाच दिवस झाले आणि वर वारा सुटला की मग झडतात. फुलं उमलल्यावर हवा गारठली तर ती उलट जास्त दिवस टिकतात. म्हणजे ज्या गारठ्याला आपण नावं ठेवतो तोच बहर लांबवत असतो. पाऊस आलाच तर कुठल्याही कोपऱ्यावरच्या दुकानात पारदर्शक प्लास्टिकची छत्री मिळते ती घ्या. तिच्यातून वरची फुलं दिसतात आणि ओल्या पाकळ्या वरून येऊन तिलाच चिकटतात. गर्दी ओसरलेली असते, काळ्या ओल्या खोडांवर फुलं जास्त उठून दिसतात. माझ्या ओळखीतले कितीतरी जण उन्हातल्या दिवसापेक्षा पावसातलाच दिवस आठवून सांगतात. थर्मल मात्र न्या. क्योतोत एप्रिलच्या सुरुवातीला पहाटे तापमान दहाच्या खाली असतं, हिरोसाकीत त्याहून बरंच कमी.

आणखी एक, फोटोंबद्दल. सोमेई योशिनो जवळून जवळजवळ पांढरी असते, नुसती गुलाबी झाक. फोटोंतला गडद गुलाबी रंग एक तर दुसऱ्या जातीचा असतो नाहीतर कॅमेऱ्याने चढवलेला. हे चौघांनाही आधीच सांगून ठेवा, म्हणजे पहिल्या झाडाखाली कुणाचा विरस होणार नाही. आणि 'भर' हाच एक सोहळा धरू नका. कळ्यांची टोकं गुलाबी होऊन देठ लांबलेले असतात ते दिवसही बघण्यासारखे असतात. फुलं झडण्याचे दिवस तर जपानी माणसं मुद्दाम गाठतात. हिरोसाकीच्या खंदकात पाकळ्या साचून पाणीच दिसेनासं होतं, ते पाहायला वेगळी गर्दी होते.

टूरने जावं की आपलं आपण? टूरचा मोठा फायदा म्हणजे आईंचं सामान, बस आणि जेवण. जपानमध्ये भाजीच्या सूपलाही बहुतेक वेळा माशाचा अर्क असतो, त्यामुळे घरात कुणी कडक शाकाहारी असेल तर ही काळजी खरी आहे. पण टूरचा मार्ग बदलत नाही, आणि इथं सगळी मदार मार्ग बदलता येण्यावर आहे. टूरच हवी असेल तर एप्रिलची घ्या आणि पैसे भरण्याआधी विचारा: कोणत्या रात्री कोणत्या गावात? योशिनोसारखं उंचावरचं किंवा उत्तरेतलं एखादं ठिकाण आहे का? बागेत किती वेळ? शेवटच्या प्रश्नाला पाऊण तास असं उत्तर आलं तर माझा सल्ला, पुढचा कागद वाचू नका. मधला मार्ग तुम्हाला जास्त बसेल असं वाटतं: तिकीट, व्हिसा आणि विमा एजंटकडून करून घ्यायचा, जपानमधले दिवस बहिणीबरोबर बसून स्वतः आखायचे.

आता यजमानांचं म्हणणं. ते जुगार म्हणतात त्यात तथ्य आहे, त्यांना उडवून लावू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा जपान सुंदर असतो, पण पानांचा रंगसुद्धा हवेच्याच मर्जीवर चालतो आणि तुमची इच्छा पानांची नाही. तुम्ही आरडी फुलांसाठी लावलीत. ते स्पष्ट बोला. त्यांना विचारा की फुलांखेरीज त्यांना तिथं काय बघायचंय. शिंकानसेन असेल, हिरोशिमा असेल, एखादा किल्ला किंवा गरम पाण्याचा झरा असेल. त्यातली एक गोष्ट बेतात पक्की घाला, जी पाऊस-वाऱ्याने हुकणार नाही. बहिणीलाही हेच विचारा.

आणि 'काय तोंड दाखवू' हे वाक्य खोडून टाका. तिघंही जाणती माणसं आहेत. यंदाची हवा कशी निघेल हे आत्ताच कळत नाही, तरीही येणार का, असं जाण्याआधी त्यांना सरळ विचारा. होकार आला की निर्णय चौघांचा झाला. इतकी वर्षं बँकेत दुसऱ्यांच्या पैशाची जोखीम सांभाळल्यामुळे असेल, पण हवेची जोखीमही तुम्ही एकटीच्याच खात्यावर लिहून घेतलीय. ती तुमची नाही.

राहिल्या आई. त्यांचे गुडघे आणि मानेचं दुखणं या दोन्हींची काळजी तुम्ही लिहिलीत. निन्ना-जीची ओमुरो चेरी त्यांच्यासाठी ठेवाच. ती झाडं बुटकी, दोन-तीन मीटर उंचीची, फांद्या जमिनीजवळून फुटलेल्या. मान वर न करता, उभ्या-उभ्या नाकासमोर फुलं बघता येतात. योशिनोला बहराच्या दिवसांत स्टेशनपासून मधल्या टप्प्यापर्यंत बस असते, त्यांना तिथवर न्या, पुढचा चढ तुम्ही तिघांनी आळीपाळीने करा आणि एकजण त्यांच्याजवळ थांबा. दशम्या आणि कोरडी चटणी बरोबर ठेवा, बागेत बसून खायला कुणाची ना नसते. कचऱ्याचे डबे मात्र क्वचितच दिसतात, तेव्हा एक पिशवी जवळ असू द्या. सलग दोन दिवस डोंगर-चढ नको, मध्ये एक दिवस सपाट बागेचा. आणि विमानतळावरची व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा, आई 'मला नको' म्हणाल्या तरी.